उंदरांचे लाडू

पाहुणे घरात आले की मी आधी त्यांच्या पिशव्या उचलते. चहापाणी नंतर. पिशवी खुंटीला, पर्स कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. एका चुलतसासऱ्यांनी एकदा तोंडावर विचारलं होतं, सूनबाई, आम्ही काय चोर आहोत का? मी म्हटलं, तुम्ही चोर नाही, पण तुमच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या आहेत आणि घरात रांगतं पोर आहे. ते रुसले. जेवायची ताटं आल्यावर रुसवा गेला, पण जाताना गोळ्यांची पट्टी माझ्याकडून मागून घेताना चेहरा असा, जणू मी त्यांचं धोतरच सोडून घेतलं होतं. नातेवाइकांत मला जमादारीण म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या घरात सोडावॉटरच्या बाटलीत रॉकेल ठेवलेलं चालत नाही, बामची बाटली उशाशी चालत नाही, आणि तंबाखू-चुन्याची डबी जमिनीवर ठेवून कुणी पत्ते खेळायला बसला तर ती डबी मी उचलते, मग तो कितीही मोठा मानकरी असो.

एरवी दोन माणसांच्या घरात एक पोर असलं तर त्या दोघांचे डोळे पोराच्या मागे असतात. घर भरलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघतोय. वीस माणसं असतात आणि पोर एकटं असतं. हे मला कुणी शिकवलं नाही. नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत नवागामला राहत होतो, तिथे एका कानबाईच्या दिवशी मी हे बघितलं.

कानबाई आमच्या खानदेशातल्या लोकांची. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी बसवायची, रात्र जागवायची, सोमवारी वाजतगाजत पाण्यात सोडायची. सुरतेत लूमवर कामाला आलेल्या आमच्या माणसांनी गावाकडून येताना दुसरं काही आणलं नसेल, पण हे आणलं. या पूजेत रोट करतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याच गव्हाच्या पिठाचं पुरणावरणाचं रांधायचं आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्याला द्यायचं नाही. आमच्या घरात हा नियम फार कडक होता. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. ती आली, राबली, पुरण वाटलं, तरी रोट तिच्या ताटात पडायचा नाही. तिच्या लेकरांच्याही नाही. त्यांचं कूळ दुसरं.

माझ्या सासूबाई हा नियम पाळायच्या, पण त्यांच्या घशाखाली तो उतरायचा नाही. त्यांना लेक एकच. ती कामरेजला दिलेली. तिचा नवरा तिथल्या एका लहान कारखान्यात होता. सुरतेपासून कामरेज ते काय, सकाळी निघालं की चहाला पोचावं. पण सासरचा गोतावळा मोठा, माझी ही नणंद वर्षातून तीन-चारदाच यायची. सासूबाईंच्या मनात एक भीती होती आणि ती त्या मला बोलूनही दाखवायच्या. म्हणायच्या, सगळ्यांच्या ताटात पडतं आणि तिच्या ताटात पडत नाही, असं दरवर्षी झालं तर एक दिवस ती यायचीच बंद होईल. लेक तुटली तर मी काय करू? मी म्हणायची, मग वाढा ना रोट, कोण तुमचा हात धरतंय. त्या कानावर हात ठेवायच्या. देवीचा नियम मोडवत नव्हता आणि लेकही सोडवत नव्हती.

मग त्यांनी आपल्यापुरती पळवाट काढली होती. रोटाच्या पिठाला हात लावायच्या आधीच त्या थोडा दराबा करायच्या. गव्हाचा रवा, तूप, साखर, हात दुखेपर्यंत फेसायचं आणि लाडू वळायचे. ते लाडू एका वाटीत घालून, वर दुसरी वाटी पालथी घालून, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायच्या. ते फक्त नणंदेच्या मुलीसाठी. मुलीला तिसरं वर्ष लागलं होतं. मागच्या वर्षीपासून कानबाईला आणि मग एरवीच्याही प्रत्येक भेटीत सासूबाई तिला कडेवर घेऊन फळीपाशी जायच्या आणि तिच्या कानात सांगायच्या, "झाकेल शे ते तुन्हं शे." झाकलेलं आहे ते तुझं आहे. पोरगी ती पालथी वाटी स्वतःच्या हाताने उचलायची. खाली लाडू दिसला की टाळ्या. सासूबाईंना त्यात कोण आनंद! माझी दोन पोरं खाली उभी राहून बघत बसायची. त्यांच्या वाट्याला सगळा रोट होता हे खरं, पण पोरांना कुळाचं काय कळतं? त्यांना झाकलेली वाटी दिसायची. मला राग यायचा आणि मी तो भांड्यांवर काढायची.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी सुरतेत ती उंदरांची, प्लेगची साथ येऊन गेली होती. अर्धं शहर रिकामं झालं होतं. आम्हीही पोरांना घेऊन गावी पळालो होतो आणि महिन्याने परत आलो होतो. त्यानंतर आमच्या गल्लीत उंदीर दिसला की लोक वाघ दिसल्यासारखे ओरडायचे. कोपऱ्यावरचा गुजराती दुकानदार उंदराची दवा विकायचा. काळसर पावडर, कागदाच्या पुडीत. साबण, काडेपेटी आणि दवा, असा तेव्हाचा आमचा बाजार.

पिंजरा, डिंकाचा पुठ्ठा हे सासूबाईंना पटत नसे. त्या म्हणायच्या, उंदराला गोडाची पारख असते, त्याला फसवायचं तर नीट करून घालावं. त्या कणीक घ्यायच्या, गूळ किसून घालायच्या, तुपाचं बोट लावायच्या, त्यात पुडीतली पावडर, आणि त्याच्या गोळ्या वळायच्या. हाताला पिशवी बांधून हं, तेवढं भान त्यांना होतं. पण गोळ्या कशा? गोल, गुळगुळीत, सारख्या. त्या बाईला वेडंवाकडं काही करताच येत नसे. त्यांची भाकरी म्हणजे चंद्र, शेवया म्हणजे केस, आणि उंदराचं विष म्हणजे लाडू. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, उंदीर काय तुमच्या लाडवाचं कौतुक करणार आहे का? त्या म्हणाल्या, मरताना तरी गोड खाऊन मरेल. गोळ्यांचा रंग करडा होता एवढाच फरक. उजेड कमी असला तर दराब्याची आणि या गोळ्यांची ओळख मोठ्या माणसालाही जरा थांबूनच पटली असती.

तर कानबाई जवळ आली. घर रिकामं करून चुना मारायचा, ही दरवर्षीची रीत. दोन खोल्यांचं घर, पत्रे वर, सगळं सामान गल्लीत काढलं. गव्हाच्या कोठीमागे, पेटीखाली ठेवलेल्या त्या गोळ्या निघाल्या. मी म्हटलं, टाकून देते. सासूबाईंनी विचारलं, कुठे टाकशील? गल्लीत कुत्री आहेत, शेजारची पोरं आहेत, गटारात टाकलं तर कोंबड्या आहेत. बोलणं बरोबर होतं. मग आता पोरंबाळं येणार, जमिनीवर काही नको, म्हणून त्यांनी त्या गोळ्या एका जुन्या वाटीत गोळा केल्या, स्वयंपाकघरातल्या फळीच्या पार टोकाला ठेवल्या आणि वर दुसरी वाटी पालथी घातली. त्या विसरल्या नव्हत्या की बेफिकीर नव्हत्या. त्यांनी काळजीच घेतली होती. उंच ठेवलं, झाकून ठेवलं. कुणीही शहाणी बाई दुसरं काय करते?

शनिवारी संध्याकाळपासून पाहुणे यायला लागले. गावाकडचे भुसावळच्या गाडीने, शेजारच्या गोडादऱ्याचे चालत. त्यांच्या गोधड्या, चादरी, पिशव्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या पेट्यांवर रचल्या, कारण बाहेरच्या खोलीत चौरंग मांडायचा होता. नणंद रविवारी सकाळी कामरेजहून मुलीला घेऊन आली. नवऱ्याची पाळी होती, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. आल्या आल्या तिने पदर खोचला आणि पुरण वाटायला बसली. मुलगी आजीच्या कडेवर गेली, फळीपाशी गेली, पालथी वाटी उचलली, लाडू खाल्ला, टाळ्या वाजवल्या. सगळं नेहमीसारखं झालं.

दुपारी पुरुष माणसं देवीची साडी, नथ, फुलं आणायला गेली. आम्ही बायका बाहेरच्या खोलीत खाली बसून पोळ्या लाटत होतो. पोळ्या भाजायचं खापर बाहेर अंगणातल्या चुलीवर होतं. आत स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पोरं आतबाहेर पळत होती आणि आम्हा सगळ्यांना वाटत होतं, कुणीतरी बघतंय.

मी तूप आणायला आत गेले. गोधड्यांच्या ढिगावर भाची बसलेली होती. अगदी वर, फळीच्या टोकाशी. पेटीवरून गोधडीवर, गोधडीवरून चादरींवर, असा आम्ही तिच्यासाठी जिनाच रचून ठेवला होता. पालथी वाटी तिने उचलून नीट बाजूला ठेवली होती. तिच्या मुठीत एक करडी गोळी होती आणि ओठांवर काहीतरी चिकटलेलं होतं. ते पुरण असेल, गूळ असेल, सकाळचा लाडू असेल. मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती खाली पडली असती. मी जवळ जाऊन तिच्या मुठीतली गोळी सोडवली. ती माझ्याकडे बघून रागावली आणि म्हणाली, "मन्हं शे."

माझं आहे. आजीनेच सांगितलेलं होतं.

मी तिला उचलून बाहेर आणलं आणि एवढंच म्हटलं की हिच्या हातात उंदराची गोळी होती. मग जो कल्लोळ झाला तो काय सांगू. नणंदेने लाटणं टाकलं आणि पोरीला ओढून घेतलं. एकीने विचारलं, खाल्लीस का? दुसरीने विचारलं, किती खाल्ल्या? तिसरीने पोरीचा जबडा धरून बोट घातलं. पोर एवढी घाबरली की तिने तोंड मिटून घेतलं आणि पुढे ते उघडलंच नाही. एक शब्द नाही. वाटीत किती गोळ्या होत्या ते सासूबाईंना विचारलं. त्या दाराला धरून उभ्या होत्या. दराब्याचे लाडू त्यांनी मोजून ठेवले असते. उंदराच्या गोळ्या कोण मोजतं? एक गेली की तीन गेल्या की एकही गेली नाही, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. ज्या एकीला माहीत होतं ती बोलत नव्हती.

मग प्रत्येकीचा उपाय सुरू झाला. एक म्हणाली मिठाचं पाणी पाज, एक म्हणाली चिंचेचं पाज, एक म्हणाली तूप पाज म्हणजे घसरून जाईल. सासूबाई तेवढ्यात दुधाचा पेला भरून आल्या. मी तो पेला त्यांच्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला. त्याआधी काही महिने आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका बाईने भांडणाच्या भरात दवा पिली होती. तिच्या माणसांनी तिला तूप आणि मीठपाणी ओतून ओतून पाजलं आणि ते तिच्या छातीत गेलं. दवाखान्यात डॉक्टर त्यांच्यावर किती चिडला होता ते सगळ्या गल्लीने ऐकलेलं होतं. घरचं काही पाजायचं नाही, आणि दवेची पुडी बरोबर आणायची. मला एवढंच ठाऊक होतं. मी म्हटलं, कुणी हिला काही पाजलंत तर माझ्याशी गाठ आहे. पुडी कुठे आहे?

सासूबाईंनी पुडी काढून दिली. ती त्यांनी पोरांच्या हाताला लागू नये म्हणून गव्हाच्या कोठीच्या वर, देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली होती. वाटीतल्या उरलेल्या गोळ्याही मी कागदात बांधून घेतल्या. नणंद, मी आणि पोर रिक्षात बसलो. सासूबाईही निघाल्या होत्या. नणंद त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तू नको येऊ." त्या तिथेच थांबल्या. त्यांचा एक पाय रिक्षाच्या पायरीवर होता, तो त्यांनी खाली घेतला.

वाटेतलं रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती आणि संपत नव्हती. नणंद पोरीला छातीशी धरून तिच्या तोंडाकडे बघत बसली होती. उलटी झाली असती तर निदान काही कळलं असतं. पण पोरगी शांत होती. मला तिच्या त्या शांतपणाची भीती वाटली. आणि सासूबाईंचा राग आला, इतका आला की सांगायची सोय नाही. मनातल्या मनात मी त्यांना नको नको ते बोलले. त्यांच्या दराब्याला, त्या वाट्यांना, त्या गुळगुळीत गोळ्यांना, सगळ्याला शिव्या दिल्या. रोटाच्या नियमालाही दिल्या. देवीला तेवढ्या द्यायच्या राहिल्या, कारण तिच्याकडे मागायचंही होतं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात रविवारच्या मानाने गर्दी होती, पण लहान पोर आणि दवा हे दोन शब्द ऐकल्यावर आम्हाला लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण होता, गुजराती. त्याने पुडी बघितली, वाचली, गोळी फोडून बघितली. कधी खाल्ली विचारलं, किती खाल्ली विचारलं. खाल्ली की नाही हेच माहीत नाही, असं मी सांगितलं. त्याने पोरीला तपासलं. छाती, पोट, डोळे सगळं ठीक वाटत होतं. तो म्हणाला, नळी घालून पोट धुवावं लागतं, एवढ्याशा पोरीला ते फार त्रासाचं असतं, खाल्लंच नसेल तर उगाच नको. आणि खाल्लं असेल तर थांबून चालणार नाही. तो वाकला, पोरीचं नाक हलकेच दाबून धरलं, तिने श्वासासाठी तोंड उघडलं तसं त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ उभा राहिला आणि त्याने विचारलं की हिने आज किंवा काल लसूण खाल्ला आहे का.

मला प्रश्नच समजला नाही. त्याने समजावून सांगितलं. या दवेला पोटात गेल्यावर लसणासारखा वास येतो. पोरीच्या तोंडाला तो थोडासा येतो आहे. पण खानदेशातले पेशंट तो रोज बघायचा, आमच्या लोकांच्या जेवणात लसूण असतोच, म्हणून त्या वासावर एकदम विश्वास ठेवता येत नव्हता. त्याचं बरोबर होतं. आमचा ठेचा, आमचं भरीत, आमची डाळ, लसणाशिवाय आम्हाला घास जात नाही.

मी सांगितलं, श्रावण लागला की आमच्या घरात कांदा-लसूण बंद असतो. कानबाई होईपर्यंत लसणाची पाकळी उंबऱ्याच्या आत येत नाही. त्याने विचारलं, पोरगी तुमच्या घरातली आहे का? तिथे मी अडकले. पोरगी कामरेजची. कालपर्यंत ती नणंदेच्या सासरी होती, सकाळी तिथूनच खाऊन निघाली होती. त्यांच्याकडे कानबाई नाही, श्रावण पाळत नाहीत, उलट त्या घरात लसणाच्या माळा दाराला लटकलेल्या मी स्वतः बघितलेल्या होत्या. मी नणंदेकडे बघितलं. डॉक्टरनेही बघितलं.

ती खाली मान घालून उभी होती. पोरीचा एक पाय तिच्या हातात होता. ती अर्धं गुजरातीत आणि अर्धं आपल्या बोलीत बोलली. म्हणाली, "घरात सगळे खातात. मी आणि ही नाही खात. श्रावण लागल्यापासून नाही. मी आमच्या दोघींचं वेगळं करते."

डॉक्टरने पुन्हा विचारलं, नक्की? आज सकाळी? काल?

"नक्की," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, मला सांगावं तशी म्हणाली, "मायकडे कानबाई बसते ना."

डॉक्टरने नर्सला नळी आणायला सांगितली.

आम्हाला बाहेर काढलं. दाराच्या आतून पोरीचा आवाज येत होता, नंतर तो घोगरा झाला, नंतर बंद झाला. नणंद भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याशेजारी उभी होते आणि मला रडू येत होतं. मी सहसा रडत नाही. ज्या पूजेत तिच्या ताटात घास पडत नाही त्या पूजेसाठी ही बाई श्रावण लागल्यापासून सासरच्या भरल्या घरात स्वतःचं आणि एवढ्याशा पोरीचं वेगळं शिजवत होती. सासूने विचारलं असेल, जावांनी टोमणे मारले असतील. तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, कारण बाहेरच्या माणसाला कोण विचारतं?

नळीतून जे आलं त्यात करडं काहीतरी होतं. थोडंच. डॉक्टर म्हणाला, पोटात गेलं होतं, बरं झालं धुतलं, पण अजून काही सांगता येत नाही, ही दवा मागाहूनही त्रास देते, मुलगी इथेच राहील. सलाईन लागली. आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसलो. संध्याकाळी माझा नवरा येऊन गेला. तो म्हणाला, देवी बसली, बसवावी लागली, रोटाचा गहू निघाला होता, पुरण झालं होतं. माय देवीपुढून उठत नाही. नणंदेने पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली.

सोमवारी पोरीला उलट्या झाल्या, एक-दोनदा डोळे पांढरे केल्यासारखे वाटले आणि मी धावत जाऊन डॉक्टरला आणलं. तिचा बाप आला. तो खाटेजवळ बसला, उठला, बसला. त्याने एकच वाक्य म्हटलं आणि ते मी विसरले नाही. तो म्हणाला, यापुढे पोरीला तिथे न्यायचं नाही. नणंद हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला कळलं, सासूबाई ज्याला इतकी वर्षं घाबरत होत्या ते आता या खाटेवर येऊन बसलं आहे. आणि खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, त्याचं चुकत काय आहे? माझं पोर असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

मंगळवारी सकाळी पोरगी पाणी मागायला लागली. मग बिस्कीट मागायला लागली. डॉक्टरने तपासून सांगितलं की आता भीती नाही, अजून एक दिवस ठेवू. तिचा बाप पाळीला गेला. मी वॉर्डाच्या दारात उभी राहून श्वास सोडला तर समोरून माझा नवरा आणि त्याच्या मागे सासूबाई येताना दिसल्या.

त्यांच्या हातात काही नव्हतं. लेकीकडे जाताना सासूबाई रिकाम्या हाताने कधी गेल्याच नव्हत्या. डबा, नाहीतर पुडी, नाहीतर निदान शेंगदाणे. त्या दिवशी दोन्ही हात पदराखाली होते. त्या खाटेच्या पायथ्याशी येऊन थांबल्या. पोरीने त्यांना बघितलं आणि हात पुढे केले. सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे बघितलं. लेक सलाईनच्या नळीकडे बघत होती. शेजारच्या खाटेवरची बाई सफरचंद कापत होती, ती कापायची थांबली.

सासूबाई म्हणाल्या, "बघितलं. जाते मी."

नणंद उठली. तिने पोरीला सलाईनच्या हातासकट नीट उचललं, खाटेच्या कडेला सासूबाईंना आपल्या खांद्याने रेटून बसवलं आणि पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. पदराखालचे हात बाहेर यायला वेळ लागला. "हिला धर," ती म्हणाली. "मी तोंड धुऊन येते." आणि ती गेली.

सासूबाईंनी पोरीला दोन्ही हातांनी धरलं. त्या रडत नव्हत्या, मान खाली घालून पोरीच्या केसांकडे बघत होत्या. पोरगी त्यांच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. नणंद लवकर परत आली नाही. सलाईन संपत आली होती, नर्सला सांगायचं होतं, म्हणून मी तिला बघायला गेले.

नळ वाहत नव्हता. तिचं तोंड केव्हाच धुऊन झालं होतं, वाळलंही होतं. ती व्हरांड्याच्या कठड्याशी नुसती उभी होती. मी म्हटलं, चल ना. तिने माझा हात धरून मला थांबवलं.

"थांब वहिनी," ती म्हणाली. "बसू दे तिला जरा."